माझ्या नावाने नेलेला गुडघ्याचा पट्टा

कुंदाताई,

आज बुधवार. पाचवा तास, दहावी ब. माझा तास होता आणि दाराशी कुणीच आलं नाही.

सवयीने मी भांडायच्या तयारीत उभी होते. अठरांपैकी बारा वर्षं हेच चाललं होतं, पुढे परीक्षेच्या तोंडावर तेवढं. मी शिट्टी गळ्यात अडकवायची, मुली बाकांखालून बूट काढायच्या आणि तेवढ्यात तुम्ही यायच्या, हातात खडूचा डबा, चष्मा कपाळावर. "स्मिता, एक प्रमेय राहिलंय गं. वीस मिनिटं दे." वीस मिनिटांचा तास व्हायचा. मी धुमसत स्टाफरूममध्ये जाऊन बसायची आणि भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावरून तुमचा आवाज ऐकू यायचा, "म्हणून कोन एबीसी बरोबर कोन पीक्यूआर."

आज मुली मैदानावर गेल्या. मी मात्र दाराशीच घुटमळत राहिले. शेवटी एक मुलगी परत येऊन विचारू लागली, "बाई, येताय ना?"

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. शोकसभेत मोठ्या सरांनी मला बोलायला सांगितलं, तर मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. पण बोलायला उभी राहिले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगायची नसेल तर बाकीच्या कौतुकाला काही अर्थ नव्हता. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. घरात कपाटं आवरते, ती पुन्हा विस्कटते. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही कच्चं काम तपासताना तांबडं पेन घेऊन बसायच्या, तसं हे तपासा.

आपल्या भांडणापासून सुरुवात करते, कारण आपली ओळखच त्यातून झाली.

शाळेत रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, ही गणिताची म्हात्रेबाई खेळाची वैरीण आहे. एकदा सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणाले, "मॅडम, मुलींना हालचाल नको का? शारीरिक शिक्षण हा विषय आहे, मोकळा तास नाही." तुम्ही डब्यातली भाकरी मोडता मोडता शांतपणे विचारलंत, "वर्गात किती मुली?"

"चौसष्ट."

"तुझ्या टीममध्ये किती?"

"या वर्गातल्या सहा."

"मग उरलेल्या अठ्ठावन्न काय करतात?"

मी म्हणाले, "बघतात. टाळ्या वाजवतात. त्यातूनही शिकतातच ना!"

"टाळ्या वाजवून कुणाचं शरीर घडतं ते मला दाखव," तुम्ही म्हणालात. "त्या अठ्ठावन्न रिकाम्याच बसणार असतील तर गणित सोडवत बसू दे. तू चौसष्ट जणींना पळव, तुझ्या तासाकडं मी बघणारसुद्धा न्हाय."

रागात आलात की तुमच्या तोंडून तुमच्या शेलार गावची बोली निघायची. मला तेव्हा ते न्हाय ऐकून हसू आलं होतं. मुद्दा कळायला फार वर्षं लागली.

एकदा शेअर रिक्षातून घरी जाताना तुम्ही तुमच्या शाळेबद्दल बोललात. तुम्ही जाड होतात, म्हणून खेळाच्या तासाला बाई तुम्हाला झाडाखाली बसवायच्या आणि सगळ्या मुलींच्या बांगड्या तुमच्या ओच्यात द्यायच्या. पाच वर्षं तुम्ही बांगड्या सांभाळल्या. "कुणाची कुठली बांगडी ते मला पाठ होतं," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मीसुद्धा हसले. रिक्षावाल्याने वळणावर ब्रेक दाबला, विषय तिथेच सुटला. त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं मी.

आता वनिताबद्दल.

पाड्यावरची मुलगी. आई-बाप पावसाळ्यात भात लावायचे, एरवी मिळेल त्या मजुरीला. आठवीत आली तेव्हा ती कुणाशी धड बोलायची नाही, पण खो-खोच्या मैदानावर दोन खांबांच्या मधे उभी केली की कुणाच्या हाताला लागायची नाही. मी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, "मला एक मुलगी सापडलीय." सापडलीय! जशी काही रस्त्यात पडलेली वस्तू. तिला बूट मी घेऊन दिले, सकाळी लवकर येते म्हणून घरून पोळी-भाजी न्यायचे. हे खरंच केलं मी. ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण पुढे जे केलं तेही मीच केलं.

ती दहावीत होती. तालुक्याच्या अंतिम सामन्याआधी चार दिवस सरावात तिचा गुडघा मुरगळला. सूज आली. मी बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. सामन्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला जिन्याखाली गाठलं.

"बाई, पाय वळवला का आतून काहीतरी सरकतं."

मी म्हणाले, "तुला भीती वाटतेय. भीती गुडघ्यात जाऊन बसते. उद्या मैदानात उतरलीस की विसरशील."

तिने मान हलवली आणि गेली.

त्याच दुपारी तुम्ही मैदानावर आलात. रणरणत्या उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. मी चुन्याच्या रेषा मारत होते.

"ती वनिता जिना चढताना एकेक पायरी बसून चढतेय. तिला उद्या खेळवू नको."

"फायनल आहे, ताई. सूज उतरलीय. तिला विचारा, ती तयार आहे."

"ती पंधरा वर्षांची आहे. तू सांगशील त्याला ती तयार होईल. तू अडतीस वर्षांची आहेस ना?"

मी चुन्याचा डबा घेऊन दुसऱ्या खांबाकडे गेले. तुम्ही थोडा वेळ उभ्या राहिलात, मग निघून गेलात. पाठमोऱ्या तुम्हाला बघून मी मनात काय म्हणाले माहीत आहे? गणिताच्या बाईंना काय कळतं खेळातलं.

शेवटच्या डावात खांबाला वळसा घालताना तिचा पाय जमिनीत राहिला आणि अंग वळलं. पोरींचा एवढा गोंगाट होता, तरी गुडघ्याचा तो आवाज मला ऐकू आला. आम्ही जिंकलो. एका गुणाने. कप घेतानाचा फोटो आजही ऑफिसबाहेर लावलेला आहे. त्यात अकरा मुली आहेत. बारावी तेव्हा कनातीमागे आडवी होती.

आणि मग मोठ्या सरांची केबिन.

ते घाबरले होते, पालक काय म्हणतील म्हणून. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं का?" तुम्ही तिथेच होतात, परीक्षेच्या वेळापत्रकाचे कागद घेऊन. मी म्हणाले, "नाही सर. तिने सांगितलंच नाही. खेळायच्या हौसेने दुखणं लपवलं तिने."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कुंदाताई, तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. त्या केबिनमध्ये "स्मिता खोटं बोलतेय" असं म्हणाला असतात तर कदाचित माझी नोकरी धोक्यात आली असती, पण मी मोकळी तरी झाले असते. तुम्ही कागद उचललेत आणि बाहेर पडलात. दुसऱ्या दिवशी डबा खायला नेहमीच्याच खुर्चीवर, माझ्या शेजारी बसलात. लोणचं पुढे केलंत. सहा वर्षं त्या विषयावर एक शब्द काढला नाहीत.

का? मला वाचवत होतात, की मी स्वतःहून बोलेन म्हणून थांबला होतात? हा प्रश्न मला आता कुणाला विचारता येत नाही आणि त्याचाच जास्त त्रास होतो. कधीकधी तुमचा रागही येतो. सहा वर्षांत एकदा तरी हटकायचं होतं मला.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात एकदाच गेले. केळी घेऊन. वनिताची आई खाटेशी खाली बसली होती, ती मला पाहून उठली आणि तिने मला बसायला जागा दिली. मी पाच मिनिटांत निघाले. पुन्हा गेले नाही. आज सामने, उद्या शिबिर, परवा गॅदरिंग. कारणं भरपूर होती.

तुम्ही मात्र तिला दहावीचं गणित शिकवायला दर रविवारी पाड्यावर जात होतात, हे मला शिपायाकडून कळलं. ती पास झाली तेव्हा तुम्ही स्टाफरूममध्ये पेढे ठेवलेत. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाहीत. मी एक पेढा घेतला आणि तुमच्याकडे न बघता खाल्ला.

त्यानंतर मी बदलले का? थोडीशी. पुढच्या वर्षी मी मैदानाचे चार भाग केले आणि चौसष्टच्या चौसष्ट जणींना खेळवायला लागले. कुणी दोरीवर, कुणी लगोरी, कुणी नुसतं चेंडू फेकणं-झेलणं. दम्याच्या मुलीसाठी वेगळा खेळ, लाजणाऱ्या मुलींसाठी वेगळा कोपरा. त्या वर्षी तुम्ही माझे तास मागणं जवळजवळ बंद केलंत. परीक्षेच्या तोंडावर एखादा, तोही "चालेल का?" असं विचारून. एकदा खिडकीतून बघत होतात. मी वर पाहिलं तर तुम्ही ओरडलात, "दोरी कमी पडत असेल तर घरून आणते!"

आणि त्या वर्षीच्या क्रीडादिनी मी शिक्षकांची लगोरी ठेवली, आठवतंय? तुम्ही आधी नाही म्हणालात, मग साडी खोचून उतरलात. तुमच्या पहिल्याच फटक्यात सातही फरश्या उडाल्या. मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं. तुम्ही पळत होतात, धापा टाकत होतात, हसत होतात, आणि मला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता हिला बाजूला घेऊन म्हणावं की ताई, तेव्हा तुमचं बरोबर होतं आणि मी खोटं बोलले. तेवढ्यात कुणीतरी सरबत आणलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी शेलारला तुमच्या अंगणात उभी राहायला जागा नव्हती. तुमचे भाऊ, भावजया, तीस वर्षांतले विद्यार्थी, लूमवाले, गोडाऊनवाले. मी मागे, भिंतीशी उभी होते. वनिता आली. लंगडतेय अजून. मी खांबाआड सरकले. हो, सरकले, चव्वेचाळीस वर्षांची बाई. तिने तुमचं दर्शन घेतलं आणि वळून सरळ माझ्यापाशी आली. वाकून पाया पडली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, तुमी म्हात्रेबाईंच्या हातून गुडघ्याचा पट्टा पाठवला होता ना, तो अजून लावते मी. दरवेळेला काय ना काय पाठवायच्या तुमी. त्या सांगायच्या."

शेजारी उभ्या तुमच्या भावजयीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "किती करता हो पोरींसाठी."

पट्टा मी पाठवला नव्हता, कुंदाताई. काहीच पाठवलं नव्हतं.

घरी येऊन मी आंघोळ केली आणि पाटावर नुसती बसून राहिले. सहा वर्षं तुम्ही तिच्याकडे जायच्या आणि माझ्या नावाने वस्तू द्यायच्या. पट्टा. आणखी काय काय? माझ्या नावाने काय बोलायच्या? मी तिची चौकशी करते म्हणून? मी रोज आठवण काढते म्हणून? ही दया होती की शिक्षा? असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि वडप्याला गेले.

वनिता तिथे एका गोडाऊनमध्ये खोक्यांवरचे स्टिकर स्कॅन करते. फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. "अंदर नहीं जाने का मॅडम. तीन बजे शिफ्ट छूटेगी, इधरीच रुको." ट्रकांच्या धुळीत एक तास उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि ती मागून एकेक पाऊल टाकत आली. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. मी पाणीसुद्धा न पिता म्हणाले,

"वनिता, तो पट्टा मी पाठवला नव्हता. मी कधीच काही पाठवलं नाही."

ती म्हणाली, "म्हाईत हाय."

"कसं?"

"म्हात्रेबाईंना खोटं बोलायला येत न्हवता. तुमचं नाव घेताना चष्मा काढून पुसायच्या. आमची आय हसायची. बोलायची, आल्या बघ चष्मा पुसायला."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर असं का म्हणालीस?"

"तुमी पाठी लपल्या होता, बाई. नाव घेतला तर पुढं याल, असा वाटला."

एक लांबलचक ट्रेलर मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली. ती थांबली. मग तिने विचारलं,

"मोठ्या सरांना तुमीच सांगितलात ना, वनिता काय बोललीच न्हाय म्हणून?"

"हो."

"मी बोलले होते. जिन्याखाली."

"हो. तू बोलली होतीस. मी ऐकलं होतं."

तिने मान हलवली, जशी तेव्हा जिन्याखाली हलवली होती. म्हणाली, "पायाचा काय न्हाय बाई. खेळताना लागता. पण आय मला बोलायची, तू का न्हाय सांगितलंस बाईंना, सांगितला असतास तर त्यांनी खेळवलाच नसता. सहा वर्षं बोलते. आज घरी जाऊन सांगते तिला."

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिने तसं काही म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हणाले, "मीच येऊन सांगते तुझ्या आईला." ती म्हणाली, "या." त्याच संध्याकाळी तिच्यासोबत पाड्यावर गेले. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ चुलीत फुंकत राहिली, आणि चहा द्यायची विसरली. किंवा विसरली नसेलही.

निघताना वनिता म्हणाली, सोमवारी ठाण्याच्या दवाखान्यात तिची तारीख आहे. उभ्याने ड्युटी करून गुडघा पुन्हा सुजतो. दरवेळी तुम्ही सोबत जायच्या. डॉक्टर भराभर बोलतात, तुम्ही त्यांना थांबवून, कागदावर आकृती काढायला लावून समजून घ्यायच्या.

सोमवारी तालुक्याचे सामने होते. अंतिम फेरी, आपलीच टीम.

मोठे सर म्हणाले, "अहो, सहा वर्षांनी फायनलला पोचलोय आणि प्रशिक्षकच रजेवर?" मी म्हणाले, "सर, मागच्या वेळी मी तिथे होते तेव्हा जे झालं, ते मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. पुढे काय करायचं ते ठरवतील. लेखी मागितलंय, दिलंय. टीम घेऊन चित्रकलेचे सर गेले.

डॉक्टरांनी तिचा पाय वाकवून पाहिला. मी त्यांना थांबवलं, आकृती काढायला लावली. आतली गादी झिजलीय. तीन महिने व्यायाम, बसून करायचं काम, आणि तरी सूज राहिली तर पुन्हा ऑपरेशन. व्यायाम मी करून घेणार आहे, आठवड्यातून तीनदा. बसून करायच्या कामासाठी गोडाऊनच्या सुपरवायझरला चिठ्ठी हवी होती, तीही डॉक्टरांकडून घेतली. पळता येईल का, असं वनिताने विचारलं. ते म्हणाले, चालणं सुधारू आधी.

आम्ही दवाखान्यासमोर चहा घेत होतो तेव्हा माझा फोन वाजला. हातातच होता. सकाळपासून हातातच होता, खोटं कशाला सांगू. चित्रकलेचे सर म्हणाले, "मॅडम, दोन गुणांनी हरलो. पोरी रडतायत, ऐकत नाहीत. तुम्ही बोला जरा." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मला नुसते हुंदके ऐकू येत होते आणि माझ्या डोक्यात तेच, कोण कुठे चुकलं, कुणाला आधी खो द्यायला हवा होता, मी असते तर.

वनिताने हात पुढे केला. मी फोन दिला.

"ए पोरींनो, मी वनिताताई. ऑफिसच्या बाहेरच्या फोटोत न्हाय ती." पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. "कुणाला लागला का? पाय बरे हायेत ना सगळ्यांचे?"

मग एकीचा, मग दुसरीचा, मग सगळ्यांचाच आवाज, "हो ताई. बरे आहेत."

कुंदाताई, त्या दिवशी कप हातात घेऊन उभी असताना मी हे एकीलाही विचारलं नव्हतं.